तीळ आणि गूळ : सोडून दिलेले दोन ससे घरी आलेत, अनुभवी मंडळींनी मदत करा

अबोली | २१ जानेवारी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरी दोन ससे आले. आम्ही वारज्याला राहतो. सोसायटीतलं एक बिऱ्हाड डिसेंबरात गाव बदलून गेलं आणि जाताना सशांचा पिंजरा पंपरूमच्या मागे ठेवून गेलं. महिनाभर आमच्या वॉचमनमामांनी त्या दोघांना जगवलं. स्वतःच्या डब्यातली चपाती, भाजीवाल्याने टाकलेला कोबीचा पाला, कधी भात, जे हाताशी असेल ते. मला ते म्हणाले, "ताई, रात्री थंडीत एकमेकांना चिकटून बसतात ओ. बघवत नाही." त्याच संध्याकाळी पिंजरा वर आणला.

पिंजरा पक्ष्यांचा आहे, तळाला नुसती जाळी. पांढरी आहे तिच्या मागच्या पायांच्या टाचांवरचे केस पूर्ण गेलेत, कातडी लालबुंद, एका टाचेवर खपली. ती एका जागी बसली तरी एकदा हा पाय उचलते, एकदा तो. तिच्या नाकाशेजारी काळा ठिपका आहे म्हणून ती तीळ. दुसरा तांबूस, तो गूळ. आधीच्या लोकांना फोन केला तेव्हा एवढंच कळलं की वर्षभराचे आहेत आणि दोन्ही माद्या आहेत. नाव ठेवून झालं होतं, म्हणून माझ्या तोंडात "तो गूळ"च बसलंय.

हॉलच्या कोपऱ्यात खोका आडवा करून दिलाय, त्यातून सहा दिवसांत बाहेर आलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी लेकीने (वय १०) गुळाला मांडीवर घेतलं, त्याने अशी लाथ झाडली की तो थेट फरशीवर पडला. लागलं नाही, पण तेव्हापासून कोणी जवळ गेलं की पाय आपटतो. सासूबाई म्हणतात, "मुक्या जनावरांना कोंडून पाप कशाला घेता, एखाद्या बागेत सोडून द्या."

काय खायला घालू? गाजरं आणलीत ती चालतील ना? आणि त्यांची भीती कशी घालवू?

रानजाई | २१ जानेवारी

अबोली, आधी तुम्हाला आणि त्या मामांना मनापासून नमस्कार. माझ्याकडे ठाण्याच्या घरात गेली ९ वर्षं ससे आहेत, पहिली जोडी अशीच कोणीतरी नको झाली म्हणून आलेली. जे शिकले ते सगळं सांगते.

पहिलं म्हणजे उचलायचं नाही. लेकीला रागावू नका, पण हे तिला नीट समजावून सांगा. सशाला जमिनीवरून उचलणारं कोणीही म्हणजे घार किंवा मुंगूस. त्याच्या दृष्टीने तो मरणाच्या दारात असतो. त्यातून त्याची हाडं फार हलकी आणि मागच्या पायांत ताकद प्रचंड, त्यामुळे हवेत लाथ झाडताना स्वतःचाच कणा मोडून घेतलेले ससे मी पाहिलेत. डॉक्टरकडे न्यायला उचलावंच लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि अंगाशी घट्ट. कान धरून तर कधीच नाही.

दुसरं, तुम्ही खाली बसा. रोज संध्याकाळी अर्धा तास फरशीवर, त्यांच्याकडे पाठ करून, पुस्तक वाचत. हात पुढे करायचा नाही, बोलावायचं नाही. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला जागे असतात, तेव्हाच येतील. पहिल्यांदा येऊन नाकाने ढुशी देऊन पळून जातील, तेही पुरे. माझी पहिली सशी सात आठवड्यांनी आली होती.

आता खाणं. गाजर म्हणजे त्यांच्यासाठी पेढा. आठवड्यातून दोनदा बोटाच्या पेराएवढी चकती, बस्स. चपाती, भात, बिस्किट, ब्रेड कायमचं बंद. सशाच्या पोटात मुख्य जायला हवं ते सुकं गवत, दिवसरात्र समोर असलं पाहिजे, ढिगाने. प्राण्यांच्या दुकानांत टिमोथी गवत मिळतं. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर, आणि ते झिजतात फक्त गवत रवंथल्यासारखं तासन्‌तास चावून. आतडीही त्या चोथ्यावरच चालतात. ल्युसर्न म्हणजे आपला लसूणघास वाढत्या पिल्लांना चांगला, मोठ्या सशांना त्यात कॅल्शियम जास्त होतं.

पालेभाज्या एकेक करून सुरू करा, एकदम पाच नकोत. कोथिंबीर, पुदिना, शेपू, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला. पालक अधूनमधून. कोबी-फ्लॉवरने गॅस होतो. कांदा, लसूण, बटाटा अजिबात नाही. आणि दूर्वा! दूर्वांसाठी माझे ससे सगळं सोडून धावत येतात. फक्त फवारणी नसलेल्या जागेच्या हव्यात.

पिंजऱ्याची जाळी आजच्या आज झाका. गोणपाटाच्या दोन घड्या घाला, वर सुकं गवत. टाचा त्यानेच बऱ्या होतील.

भटका | २२ जानेवारी

तुमच्या भावना समजतात, पण सासूबाईंचंही मला पटतं. मी सिंहगड, राजगड, तोरणा या भागात नेहमी फिरतो, पहाटे ससे हमखास दिसतात. म्हणजे हवामान मानवतं. फ्लॅटमध्ये दहा वर्षं काढण्यापेक्षा तिथे मोकळे जगतील असं नाही का वाटत?

पायवाट | २२ जानेवारी

भटका, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण कृपा करून असं कोणी करू नका. मराठीत दोघांना एकच शब्द आहे, घोळ तिथे होतो. तुम्हाला गडावर दिसतो तो रानससा. लांब पाय, मानेवर काळा पट्टा, अंग मातीच्या रंगाचं. अबोलींच्या घरात आहे तो युरोपातल्या, मूळ स्पेन-पोर्तुगालकडच्या सशापासून माणसाने शेकडो वर्षं पाळून तयार केलेला प्राणी. हे दोघे इतके वेगळे की त्यांची एकमेकांत पिल्लंही होत नाहीत.

रानसशाचं पिल्लू जन्मतःच केसाळ असतं, डोळे उघडे, काही वेळात उड्या मारायला लागतं. ते बीळ करत नाही, गवतात नुसती खोलगट जागा करून दबून बसतं. पाळीव सशाचं पिल्लू उघडंवाघडं आणि आंधळं जन्मतं. पांढराशुभ्र पाळीव ससा डोंगरावर सोडला तर तो पहिली रात्रही काढत नाही. कुत्री, मुंगूस, घुबड, कोणीतरी नेतंच. बागेत सोडलेले ससे मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलेत, काय उरतं ते लिहीत नाही.

उलट बाजूही सांगतो. रानात रानसशाचं पिल्लू एकटं दिसलं तर घरी आणू नका. आई चरायला गेलेली असते, ती येते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा पाळणं गुन्हा आहे. पाळीव ससा पाळायला बंदी नाही.

भटका | २२ जानेवारी

हा फरक खरंच माहीत नव्हता. माझं म्हणणं मागे घेतो. अबोलीताई, सासूबाईंना पायवाट यांचा प्रतिसाद वाचून दाखवा.

पशुवैद्य_होतेय | २३ जानेवारी

मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. ताई, दोन गोष्टी तातडीच्या आहेत.

"दोन्ही माद्या" यावर विश्वास ठेवू नका. लहान सशांमध्ये नर-मादी ओळखताना विकणारे आणि पाळणारे सर्रास चुकतात. डॉक्टरांकडून खात्री होईपर्यंत दोघांना वेगळं ठेवा, मध्ये जाळी, म्हणजे वास आणि सोबत राहील. सशीला गायी-म्हशीसारखा माजाचा ठरलेला काळ नसतो, नर आला की त्यानंतर बीज सुटतं. ३१ दिवसांत पिल्लं, आणि व्यायल्यावर त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहू शकते.

दुसरं, डॉक्टर निवडताना फोनवर थेट विचारा, ससे तपासता का? किती तपासता? कुत्र्यामांजरांचे उत्तम डॉक्टरही सशांच्या बाबतीत अनुभवी असतीलच असं नाही. आणि गोचीड-पिसवांसाठी कुत्र्यांच्या मानेवर टाकतात त्यातलं फिप्रोनिल असलेलं औषध सशाला विषारी आहे, कोणी दिलं तरी टाकू नका.

अबोली | २८ जानेवारी

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देणं जमत नाहीये, पण प्रत्येक ओळ वहीत उतरवली आहे.

काल ससे तपासणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. गूळ नर आहे. तीळ बहुतेक गाभण आहे, डॉक्टरांनी पोट हलक्या हाताने चाचपून सांगितलं. पशुवैद्य_होतेय, तुमचा प्रतिसाद वाचून २३ तारखेलाच वेगळे केले होते, पण त्याआधी दोघं किती महिने एकत्र होते कोण जाणे. तिळीचं वजन १ किलो ६०० ग्रॅम, हाताला पाठीचे मणके लागतात. या अंगावर पिल्लं वाढवायची तिला.

टाचांना मलम दिलंय. गोणपाटावर ती आता पाय न उचलता बसते. परवा रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठले तर अंधारात कुरुम कुरुम आवाज येत होता, दोघंही जाळीच्या दोन बाजूंना बसून एकच गवताचा ढीग खात होते. मी तशीच भिंतीला टेकून उभी राहिले.

सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. काही बोलल्या नाहीत. सकाळी गच्चीवरच्या गणपतीच्या दूर्वांच्या कुंडीतून एक जुडी खुडून खोक्यापाशी ठेवलेली दिसली.

रानजाई | २८ जानेवारी

तिळीला एक बंद खोका द्या, आत शिरायला भोक, भरपूर सुकं गवत. व्यायच्या आधी ती तोंडात गवत घेऊन फिरेल, छातीचे केस उपटून अंथरेल. घाबरू नका, घरटं करतेय. या दिवसांत तिला लसूणघासही द्या. गुळाची नसबंदी लगेच उरका. आणि हे पक्कं लक्षात ठेवा, नसबंदीनंतरही महिना-दीड महिना नर पिल्लं देऊ शकतो. जाळी काढायची नाही.

अबोली | १४ फेब्रुवारी

पाच पिल्लं झाली, आज पहाटे.

एक खोक्याबाहेर फरशीवर होतं, गार पडलेलं. हातात घेऊन ऊब देत बसलो, सासूबाईंनी पदराखाली धरलं तासभर. गेलं. लेक खूप रडली. उरलेली चार केसांच्या गादीत, माझ्या अंगठ्याएवढी, गुलाबी, डोळे मिटलेले. केसांचा ढीग आपोआप वरखाली होतो तेवढंच दिसतं.

पण तीळ त्यांच्याकडे फिरकतच नाहीये! सकाळपासून खोक्याच्या दुसऱ्या टोकाला बसून गवत खातेय. तिने टाकली का त्यांना? ड्रॉपरने दूध पाजायला घेऊ का?

पशुवैद्य_होतेय | १४ फेब्रुवारी

थांबा, काही पाजू नका! सशी दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही चार-पाच मिनिटं आणि बहुतेक अंधारात. बाकी वेळ ती मुद्दाम लांब राहते, घरट्याकडे शिकाऱ्याचं लक्ष जाऊ नये म्हणून. सकाळी पिल्लांची पोटं बघा. गोल, ताणलेली असली तर ती प्यायलीत. सुरकुतलेली असली तरच काळजी. दिवसातून एकदा मोजायची, गार लागलेलं पिल्लू ढिगाच्या मधोमध ठेवायचं. तुमच्या हाताच्या वासाने ती पिल्लं टाकत नाही.

गेलेल्याचं वाईट वाटून घेऊ नका. पाजताना आचळाला चिकटून राहिलेलं पिल्लू आईबरोबर बाहेर ओढलं जातं आणि गारठतं. आईला तोंडात धरून ते परत नेता येत नाही, मांजरीसारखं.

अबोली | १५ फेब्रुवारी

चारही पोटं टम्म. सासूबाई पहाटे पाचला उठून बसल्या होत्या, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. "उभी राहिली त्यांच्यावर, चार मिनिटं, आणि निघून गेली" म्हणाल्या.

निशिगंध | ३ मार्च

धागा पहिल्यापासून वाचतेय. पिल्लांचे डोळे उघडले असतील आता. दहाव्या दिवसाच्या आसपास उघडतात ना?

मला माझ्या चिमणीबद्दल लिहायचंय, कारण कुणाचा तरी जीव वाचेल. तीन वर्षांपूर्वी तिच्या पायाला जखम झाली. जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे तोंडाने द्यायचं अमॉक्सिसिलिन दिलं, लहान मुलांना देतात तसलं गुलाबी औषध. मी वेळेवर, प्रेमाने पाजलं. तिसऱ्या दिवशी जुलाब, चौथ्या दिवशी गेली. नंतर कळलं की पेनिसिलीनच्या कुळातली औषधं सशाच्या पोटात गेली की आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात आणि विष तयार करणारे माजतात. सशाला चालणारी अँटिबायोटिकं वेगळी असतात, एन्रोफ्लॉक्सॅसिनसारखी. डॉक्टरांनी वाईट हेतूने दिलं नव्हतं, मीच विचारलं नाही. तुम्ही विचारा. बाटलीवरचं नाव वाचा. दर वेळी.

अबोली | ३ मार्च

निशिगंध, वाचून घशात आवंढा आला. चिमणीची गोष्ट लिहिल्याबद्दल आभार मानायलाही शब्द नाहीत. औषधाचं नाव फ्रिजवर चिकटवलंय.

अबोली | १९ मार्च

हे लिहायला आज बळ आलं.

गुळाची नसबंदी २० फेब्रुवारीला झाली. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, सशाला उलटी होतच नाही आणि पोट रिकामं राहिलेलं त्याला सोसत नाही. ते छान पार पडलं. घडलं ते परवा. पाहुणे आले होते, त्यांच्या छोट्याने सगळ्यांची नजर चुकवून गुळाला क्रीमची बिस्किटं भरवली. किती ते कळलं नाही, पुडा अर्धा होता.

रात्री नऊला मी पालेभाजी घेऊन गेले. एरवी कोथिंबिरीच्या काडीचा आवाज आला की तो जाळीवर पंजे टेकून उभा राहतो. त्या रात्री कोपऱ्यात पाय पोटाखाली घेऊन आक्रसून बसला होता. डोळे अर्धवट मिटलेले. नाक हलत नव्हतं, म्हणजे हलत होतं, पण इतकं सावकाश की मला वाकून बघावं लागलं. दात करकरत होते. लाड केल्यावर दातांचा हलकासा आवाज करतो तो वेगळा, हा दगडावर दगड घासल्यासारखा. ट्रे पाहिला तर दुपारनंतरची एकही लेंडी नव्हती.

रोज ट्रे पाहायची सवय लागली होती म्हणून बरं, नाहीतर "झोपलाय" म्हणून आम्हीही झोपलो असतो. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले सकाळपर्यंत थांबू नका. रात्री दहाला पोचलो. एक्स-रे काढून आत काही अडकलेलं नाही ना ते पाहिलं. अंग गार पडत होतं, ३७ अंशांवर आलं होतं (निरोगी सशाचं ३८.५ ते ४० असतं). आधी ऊब, मग कातडीखाली सलाईन, दुखणं थांबवायचं इंजेक्शन, आतडी हलवायचं औषध. घरी आल्यावर दर तीन तासांनी गवताच्या भुकटीची पेज सुई नसलेल्या सिरिंजने, गालाच्या बाजूने, एकेक मिली. मी, नवरा आणि सासूबाई, पाळ्या लावल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला पहिली लेंडी पडली. मोहरीपेक्षा जरा मोठी, वाकडी, केसात गुंतलेली. मी ती हातावर घेऊन सगळ्यांना दाखवत फिरले. रात्री त्याने स्वतःहून एक दूर्वा ओढली.

रानजाई | १९ मार्च

वाचताना अंगावर काटा आला. अबोली, तुम्ही त्याला वाचवलंत.

नवीन सशेकऱ्यांसाठी ठळक लिहून ठेवते. ससा दहा-बारा तास खात नसेल, लेंड्या थांबल्या असतील, तर ती तातडीची वेळ आहे. उद्या बघू नाही. ससा कण्हत नाही, ओरडत नाही. रानात दुखणं दाखवणारा आधी मारला जातो, म्हणून तो लपवतो. त्याची तब्येत कळते ती ट्रेमधल्या लेंड्यांवरून. गोल, एकसारख्या, फिकट, चोथ्याने भरलेल्या असल्या की सगळं ठीक. लहान, काळ्या, वेड्यावाकड्या दिसायला लागल्या की सावध. रात्री एक मऊ, चिकट, द्राक्षाच्या घडासारखी विष्ठा असते ती तो थेट तोंडाने घेऊन खातो, त्यात जीवनसत्त्वं असतात. तो आजार नाही, त्याला अडवू नका. आणि दर रविवारी भाजीच्या काट्यावर वजन.

वऱ्हाडी_पाटील | ६ एप्रिल

नागपूरहून लिहितोय. आता उन्हाळ्याचं बोला. पुण्यात चाळीस म्हणजे तुम्हाला लय वाटते, आमच्याकडे पंचेचाळीस होते, त्यात मी चार ससे आठ उन्हाळे काढले. सशाला घाम येत नाही, तो सगळा ताप कानातून टाकते. तीस अंशांच्या वर गेलं की त्याला जड जाते.

प्लास्टिकच्या बाटल्या पाणी भरून बर्फ करायच्या, जुन्या धोतरात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवायच्या. तो स्वतः येऊन टेकून लेटते. जुन्या माठाचे मोठे तुकडे पाण्यात बुडवून खाली ठेवायचे, फरशीपेक्षा गार राहतात. कूलर लावा, पण झोत सरळ अंगावर नको. पाण्याची बाटली टांगता त्याऐवजी जड मातीचं भांडं ठेवा, त्याने जास्त पाणी पितात. आंघोळ कधीच घालू नका, त्या धक्क्यानेच मरते. तोंड उघडं टाकून धापा टाकत असला, कान लाल आणि गरम, तर कान साध्या गार पाण्याने ओले करा, बर्फाच्या नाही, आणि डॉक्टरकडे पळा. बाल्कनीत दुपारी एक मिनिट ठेवू नका.

चिपळूणकरीण | ७ एप्रिल

उन्हाळ्यानंतरचा पावसाळाही लक्षात ठेवा. कोकणात आमच्या सशाला खरूज झाली होती. नाकावर, कानांच्या कडांना, नखांपाशी पांढरी खरखरीत खपली. मी करंजेल लावत बसले आणि तो ते चाटत बसला, पंधरा दिवस वाया गेले आणि त्याचं खाणं तुटलं. शेवटी डॉक्टरांनी वजनावर मोजून आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं, दोन आठवड्यांनी परत. घरात आम्हालाही खाज सुटली होती, ती आपोआप गेली. शिवाय ओल्या हवेत मागचा भाग शू किंवा विष्ठेने भिजलेला राहिला तर माश्या अंडी घालतात, दिवसात अळ्या पडतात. पावसाळाभर रोज शेपटीखाली बघायचं.

टेम्सकाठचा_मराठी | १० एप्रिल

मी इंग्लंडमध्ये राहतो, आमचे दोन्ही ससे प्राण्यांच्या आश्रयगृहातून घेतलेले. इथे ससा देण्याआधी घर बघायला माणूस आला होता, आणि एकटा ससा द्यायला त्यांनी साफ नकार दिला. जोडीनेच न्या म्हणाले. जागेबद्दल इथल्या ससाप्रेमी संस्था किमान ३ मीटर बाय २ मीटर, उंची १ मीटर, तीही चोवीस तास मोकळी असा आग्रह धरतात. तेव्हा पिंजऱ्याचं दार उघडंच ठेवा, किंवा पिंजराच काढून टाका. वायरी मात्र प्लास्टिकच्या नळीत घाला, आमच्या सशाने चार्जरच्या सहा वायरी कातरल्या.

अबोली, तिळीचंही ऑपरेशन नक्की करा. फक्त पिल्लं थांबवायला नाही. ऑपरेशन न झालेल्या सशींना तीन-चार वर्षांनंतर गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण फार मोठं आहे.

अबोली | २ मे

उन्हात पोळतोय पण सगळे ठीक आहोत. माठाचे तुकडे हिट! गूळ त्यावर चारही पाय पसरून पडतो.

चार पिल्लांपैकी दोन बहिणी भटका यांच्या घरी गेल्या. हो, आपले भटका. दोनदा येऊन फरशीवर बसून गेले, स्वयंपाकघराचं दार, वायरी, सगळ्याचे फोटो दाखवले, मग दिल्या. दोघींच्या ऑपरेशनची तारीखही त्यांनी आधीच डॉक्टरांकडे सांगून ठेवलीय. उरलेले दोन भाऊ आमच्याकडेच आहेत, नसबंदी झाल्याशिवाय देणार नाही. बऱ्याच जणांनी विचारलं, "मुलाला वाढदिवसाला द्यायचाय." त्यांना नाही म्हटलं. आठ-दहा वर्षं जगणारा जीव आहे, मुलगा कॉलेजात जाईल तेव्हाही ट्रे साफ करावा लागेल, हे ऐकूनही जे मागे हटले नाहीत त्यांच्याशीच पुढे बोलले.

भटका | २ मे

बहिणी मजेत आहेत. रात्री दहानंतर हॉलभर पळतात आणि मध्येच हवेत उडी मारून अंगाला पीळ देतात. इतकं निव्वळ आनंदाने उडणारं दुसरं जनावर मी पाहिलेलं नाही.

अबोली | २१ जून

तिळीचं ऑपरेशन मेच्या मध्यावर झालं, वजन आता २ किलो १००. गेले दोन आठवडे दोघांना पुन्हा एकत्र आणायचं चाललंय. पाच महिने जाळीच्या दोन बाजूंना राहून हल्ली एकमेकांच्या अंगावर धावून जायला लागले होते, पहिल्या दिवशी तर केसांचे पुंजके उडाले. रानजाईंच्या सांगण्यावरून सासूबाईंच्या खोलीत नेलं, तिथे दोघंही आधी कधी गेले नव्हते, त्यामुळे ती कोणाचीच जागा नाही. रोज दहा मिनिटं, मग वीस, मग तासभर. परवा गुळाने तिच्यासमोर येऊन डोकं पार जमिनीला टेकवलं. ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मग त्याचं कपाळ चाटायला लागली, डोळ्यांच्या कडा, कानांची मुळं. जाळी काढली.

काल संध्याकाळी ड्युटी संपवून वॉचमनमामा वर आले. दर दोन-चार दिवसांनी येतात, भाजीवाल्याकडून मुळ्याचा पाला आणतात. चप्पल काढून दाराशीच फरशीवर बसले. तीळ गोणपाटावर आडवी झाली होती, मागचे पाय लांब सोडून. मामा वाकून तिच्या टाचांकडे बघत राहिले. "केस आले की ओ," म्हणाले. तिने मान उचलली, उठून गेली आणि त्यांच्या अंगठ्याला नाकाने ढुशी दिली.

दूर्वांच्या आता सहा कुंड्या झाल्यात. पावसाने मुळं कुजू नयेत म्हणून खाली विटांचे तुकडे घातलेत, पण दोन कुंड्या पिवळ्या पडतायत. कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा, सासूबाई वाट बघतायत.